डब्यात डाळ का नाही?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्यावर आमच्या मध्य प्रदेशातल्या शाळा उन्हाळ्याच्या सुटीनंतर पुन्हा भरू लागतात आणि त्याच सुमारास बहुतेक सर्व वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून पौष्टिक डब्याविषयीचे लेख येऊ लागतात. मी हे लेख आवर्जून वाचते, काही पाककृती करूनही पाहते. परंतु त्यांतल्या सामानाची यादी पाहिली की मन खट्टू होते. पनीर, चीज, ब्रोकोली, बदामाचे पीठ, ओट्स, परदेशी बिया असे जिन्नस वारंवार वाचनात आले, की महिन्याचा किराणा हिशेबाने भरणाऱ्या घरातल्या बाईच्या मनात पौष्टिक म्हणजे महाग हे समीकरण पक्के होते, आणि मग आपल्याला परवडेल तो डबा कमी प्रतीचाच असणार असे ती निमूटपणे धरून चालते. इंदूरमध्ये संसार करताना अनेक वर्षे घरातल्या लहानथोरांचे डबे भरत आलेली एक गृहिणी या नात्याने या समजुतीविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे, की आपल्या डब्यांतून डाळी आणि कडधान्ये जवळजवळ नाहीशी झाली आहेत, आणि ती परत आणली तर डबा सकस होतो आणि खर्चही फारसा वाढत नाही. घरी पानावर बसल्यावर वाटीभर वरण किंवा आमटी असतेच. डब्यात मात्र वरण सांडते, दप्तराला हळदीचे डाग पडतात, बसमध्ये झाकण उघडते, म्हणून आपण ते वगळतो आणि पोळी व कोरडी भाजी एवढ्यावर भागवतो. ती भाजीही आठवड्यातून तीन-चार दिवस बटाट्याची असते, कारण ती सकाळच्या घाईत लवकर होते आणि मुले कुरकुर न करता खातात. वरण वगळताना त्याची भरपाई दुसऱ्या कशाने करावी, हा विचार मात्र राहून जातो.

ही उणीव किती मोठी आहे हे मोजण्यासाठी एक माप आपल्यापुढे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2001 मधील आदेशानंतर देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देणे बंधनकारक झाले आणि पुढे ती योजना उच्च प्राथमिक वर्गांपर्यंत गेली. 2021 पासून तिचे नाव पीएम पोषण असे आहे. या योजनेच्या निकषांप्रमाणे प्राथमिक वर्गातल्या मुलाला एका जेवणात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. त्यासाठी लहान मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरलेले आहे. मोठ्या मुलामागे 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. आता आपल्या घरचा डबा या मापाने पाहू. साधारण 30 ग्रॅम कणकेची एक पोळी धरली तर तिच्यात तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, आणि बटाट्याच्या भाजीतून फार तर दीड-दोन ग्रॅम मिळतात. म्हणजे तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन जाणाऱ्या सातवीतल्या मुलाच्या पोटात अकरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने जातात, जी सरकारी निकषाच्या जेमतेम निम्मी आहेत. सरकारी शाळेतल्या त्या जेवणाकडे आपण मध्यमवर्गीय लोक बहुधा दयेने पाहतो. कागदावरचे त्याचे प्रमाण आपल्या डब्यापेक्षा अधिक विचारपूर्वक ठरवलेले आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

शिवाय प्रश्न नुसत्या आकड्याचा नाही. गव्हातल्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक द्रव्य कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते. उलट डाळींत जे कमी असते ते धान्यातून मिळते. पोळी आणि डाळ एका जेवणात आली की दोन्हींची उणीव भरून निघते. वरण-भात, डाळ-बाटी, खिचडी ही आपली रोजची जेवणे याच जोडीवर उभी आहेत.

खर्चाचे गणितही सोपे आहे. 30 ग्रॅम डाळ म्हणजे लहान मूठभर, आणि एक किलो डाळीत अशा तेहेतीस मुठी निघतात. किलोचा भाव 120 रुपये धरला तरी एका डब्यामागे डाळीचा खर्च चार रुपयांच्या आतच राहतो. दहा रुपयांच्या चिप्सच्या पाकिटाला आपण सहज होकार देतो आणि बदामांच्या भावाची चिंता करतो, पण या दोहोंच्या मधली ही चार रुपयांची जागा आपल्या ध्यानात येत नाही. शेंगदाण्यांचेही तसेच आहे. त्यांच्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रथिनेच असतात, त्यामुळे भाजीत दोन चमचे कूट घालणे किंवा डब्याच्या कोपऱ्यात भाजलेले दाणे, फुटाणे आणि गुळाचा खडा ठेवणे ही कोणालाही परवडणारी गोष्ट आहे.

इंदूरकरांनी तर याविषयी अधिक जागरूक असायला हवे. आपले शहर डाळीच्या व्यापाराचे आणि डाळ मिलांचे देशातले एक मोठे केंद्र आहे, आणि सभोवतालच्या माळव्यात हरभरा आणि सोयाबीन पिकते. सियागंजच्या कोणत्याही दुकानात उभे राहिले, तर तूर, मूग, मसूर, उडीद, हरभरा, चवळी, मटकी आणि राजमा यांची पोती एका रांगेत दिसतात. ज्या गावातून डाळ गाड्या भरभरून बाहेर जाते, त्या गावातल्या मुलांच्या डब्यात ती नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर कोणी म्हणेल, की इंदूरच्या डब्यात शेव असतेच आणि शेव ही हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचीच असते. म्हणणे चुकीचे नाही. परंतु तळलेल्या शेवेत बेसनाबरोबर पुष्कळ तेल आणि मीठही पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक लहान चमचाही पूर्ण नाही, इतकेच मीठ सांगितले आहे. शेव, लोणचे, पापड आणि वर भुरभुरलेला जीरावन हा खारट मसाला असा डबा नेणाऱ्या, रक्तदाब असलेल्या माणसाचे दिवसाचे मीठ दुपारीच संपते. पोह्यांवर चिमूटभर शेव असायला हरकत नाही, पण तिला डाळीच्या हिशेबात धरू नये.

मग सांडणार नाही अशी डाळ कोणती? आपल्या मराठी स्वयंपाकात याचे उत्तर इतक्या प्रकारांनी दिलेले आहे, की आपण ते वापरत नाही याचेच नवल वाटते. मुगाची मोकळी डाळ हा त्यांतला मला सर्वांत उपयोगी वाटणारा प्रकार. सकाळी उठल्याबरोबर मुगाची डाळ धुऊन भिजत घालावी, कणीक मळून पोळ्या होईपर्यंत ती पुरेशी फुगते. मग ती चाळणीत निथळून घ्यावी, हिंग, मोहरी, हळद आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीवर घालून वर ताटली झाकावी आणि त्या ताटलीत थोडे पाणी ठेवावे, म्हणजे खालची डाळ त्या वाफेवर शिजते आणि तळाला लागत नाही. दाणा बोटाने दाबल्यावर मऊ लागला, पण आकार मोडला नाही, की लगेच गॅस बंद करावा; दोन मिनिटे जास्त झाली तरी तिचा गोळा होतो आणि मग मुले ती खात नाहीत. उतरवल्यावर कोथिंबीर घालावी आणि लिंबाची फोड डब्यात वेगळी द्यावी. ही डाळ पोळीत गुंडाळता येते, नुसती चमच्याने खाता येते आणि तिचा एक थेंबही बाहेर येत नाही. हरभऱ्याची डाळ रात्री भिजवून ठेवली तर वाटली डाळ किंवा डाळकांदा होतो. दुधी, कोबी, पडवळ, मेथी अशा भाज्यांत मूठभर डाळ शिजवून टाकली, की वेगळा पदार्थ करावाही लागत नाही. सिमला मिरची, कांद्याची पात, मुळ्याचा पाला यांना बेसन पेरून केलेली भाजी, घट्ट झुणका, मुगाच्या डाळीत पालक वाटून केलेली धिरडी आणि भाजणीचे थालीपीठ हे सारे त्याच वाटेने जाणारे पदार्थ आहेत. बटाट्याची भाजी मुलांना आवडत असेल तर ती बंद करण्याचेही कारण नाही; तिच्यात वाफवलेले हिरवे मूग किंवा हिवाळ्यात स्वस्त मिळणारे मटार आणि ओला हरभरा मिसळावा.

मोड आलेल्या कडधान्यांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगते. कडधान्याला मोड आले की त्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि लोह शोषण्याच्या आड येणारी द्रव्ये कमी होतात, म्हणून मटकीची किंवा मुगाची उसळ ही लोहाच्या दृष्टीनेही चांगली. तिच्यावर लिंबू पिळले तर डाळी-कडधान्यांतले लोह अधिक प्रमाणात अंगी लागते; जेवणाला लागूनच चहा घेतला तर ते कमी होते, म्हणून कार्यालयात डबा संपवल्याबरोबर चहा मागवण्याची सवय मोडून तो तासाभराने घ्यावा. फळात महागडी सफरचंदे हवीत असे नाही. थंडीतला पेरू आणि आवळा क जीवनसत्त्वात संत्र्याच्याही पुढे आहेत, आणि बऱ्हाणपूरकडची केळी आपल्याकडे वर्षभर येतात.

सोयाबीनचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. माळव्यातल्या शेतकऱ्यांनी गेल्या पन्नासेक वर्षांत हे पीक इतके वाढवले, की सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदूरमध्येच आहे. त्याच्या दाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे तुरीच्या जवळजवळ दुप्पट. तरीही आपल्या स्वयंपाकघरात ते सोया वड्यांच्या रूपाने क्वचितच येते. घरी दळण करताना नऊ भाग गव्हात एक भाग सोयाबीन मिसळले तर पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. मात्र कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे द्रव्य असते, ते उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून दाणे उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवून, उन्हात कडक वाळवून मगच दळणात घालावेत. ही पायरी टाळून कच्चे सोयाबीन दळून आणू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता उष्णतेविषयी, कारण इंदूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो. उष्ण हवेत शिजलेल्या अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात, विशेषतः भातातले. या दिवसांत आदल्या रात्रीचा भात फोडणीला टाकून डब्यात देऊ नये, ओल्या नारळाची चटणी टाळावी, काकडी-टोमॅटो चिरून मीठ न लावता द्यावेत, आणि दहीभात द्यायचाच असेल तर ताज्या भातात दूध घालून चमचाभर दही विरजणासारखे लावावे, म्हणजे तो दुपारपर्यंत आंबट न होता लागतो. पोळ्या गरम असताना डब्यात कोंबल्या तर वाफेचे पाणी सुटते. त्या आधी कापडावर पसराव्यात आणि भाजीची वाफ गेल्यावरच झाकण लावावे. डबा शक्यतो स्टीलचा असावा.

आणखी एक विनंती वर्तमानपत्राच्या संदर्भातली आहे, म्हणून ती आपल्याकडेच करणे योग्य. आपल्या गावात पोहे, कचोरी, समोसे छापील कागदावर देण्याची पद्धत फार जुनी आहे आणि घरोघरी पराठेही त्याच कागदात गुंडाळले जातात. छपाईच्या शाईतली घातक द्रव्ये तेलकट आणि गरम पदार्थांत उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला मनाई केली आहे. ही सूचना खुद्द वर्तमानपत्राने ठळकपणे छापली तर वाचक ती मनावर घेतील.

घरातल्या प्रत्येकाची भूक आणि प्रकृती वेगळी असते, पण त्यासाठी चार वेगळे स्वयंपाक करण्याची गरज नसते. एकाच मटकीच्या उसळीतून पीथमपूरच्या कारखान्यात पाळीवर उभा राहून काम करणाऱ्या मुलाला पाच पोळ्यांबरोबर मोठा डबा, कांदा आणि दाण्याचा लाडू देता येतो. दिवसभर खुर्चीवर बसून काम करणाऱ्या सुनेला दोन पोळ्या, जास्त उसळ आणि ताक देता येते. मधुमेह असलेल्या सासऱ्यांना पोळी एक कमी करून उसळ आणि पालेभाजी वाढवता येते. आणि नातवाला तीच उसळ पोह्यांत मिसळून वर दाणे घालून देता येते. ज्या घरांत अंडी खातात, तिथे एक उकडलेले अंडे सहा ग्रॅम प्रथिने देते आणि करायलाही सोपे असते. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात डाळी, कडधान्ये, अंडी व मांस मिळून 85 ग्रॅम सांगितले आहेत. डब्यात त्यातले काहीच गेले नाही, तर रात्रीच्या एका वाटी वरणातून हे प्रमाण पुरे होणे शक्य नाही.

हे सर्व लिहिताना जिच्या डब्याचा कोणी विचार करत नाही, ती व्यक्ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळी पाचला उठून चौघांचे डबे भरणारी बाई स्वतः दुपारी दोन-अडीचला, उरलेली एखादी पोळी आणि पातेल्याच्या कडेला राहिलेली भाजी खाऊन, वर चहा घेऊन वेळ मारून नेते. भाजी उरली नाही तर लोणच्याशी पोळी खाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 2021 च्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. याची कारणे अनेक आहेत, पण सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवण्याची आपल्या घरांतली रीत त्यांत नक्कीच आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी चार डब्यांबरोबर पाचवा डबा स्वतःसाठी भरून ओट्यावर ठेवण्याची पद्धत सुरू केली. इतरांइतकीच उसळ, इतरांइतकीच भाजी, आणि ठरलेल्या वेळी जेवायचे. सुरुवातीला घरच्यांना ते चमत्कारिक वाटले, आता मुलगा स्वतःच विचारतो की आईचा डबा भरला का. ही पद्धत प्रत्येक घरात यावी असे मला फार वाटते. तसेच रात्री कडधान्य भिजत घालणे, भाजी निवडून ठेवणे, सकाळी डबे पुसून मांडणे ही कामे घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी वाटून घेतली, तर सकाळची घाई कमी होईल आणि बटाट्यावर वेळ भागवण्याचे कारणही उरणार नाही.

शाळांकडूनही थोड्या विचाराची अपेक्षा आहे. एका शाळेने पालकांना दिलेले आठवड्याचे छापील वेळापत्रक माझ्या पाहण्यात आले. त्यात सोमवारी सँडविच, बुधवारी नूडल्स, शुक्रवारी पास्ता असे पदार्थ होते आणि आठवडाभरात एकदाही डाळ किंवा कडधान्य नव्हते. वेळापत्रक करण्यामागचा हेतू चांगला असेल, सर्व मुलांनी एकच पदार्थ आणावा म्हणजे कोणाला कमीपणा वाटू नये असा. पण मग त्यात उसळ, धिरडे, थालीपीठ, इडली, ढोकळा यांना जागा द्यायला काय हरकत आहे? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायला बंदी आहे. शाळा सुटण्याच्या वेळी कोणत्याही फाटकाशी पाच मिनिटे उभे राहिले, तर या नियमाची अंमलबजावणी किती होते ते दिसेल. पालक-शिक्षक सभेत हा विषय निघायला हवा, आणि तो पालकांनीच काढायला हवा.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी विनंती अशी आहे, की पुरवणीतल्या डब्याच्या प्रत्येक पाककृतीखाली एका माणसामागचा अंदाजे खर्च आणि प्रथिनांचे प्रमाण छापावे, आठवड्यातून निदान एक पाककृती डाळीची किंवा कडधान्याची असावी, आणि तिचे सामान कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणारे असावे. इंदूर, देवास, उज्जैन या भागांतल्या मराठी घरांत माळव्याच्या आणि महाराष्ट्राच्या चवी एकत्र नांदतात. वाचकांनाच आवाहन केले तर सांडणार नाहीत अशा डाळीच्या कितीतरी पाककृती आपल्याकडे येतील. प्रारंभ म्हणून मुगाच्या मोकळ्या डाळीची कृती वर दिलीच आहे. योग्य वाटल्यास ती पुरवणीत स्वतंत्रपणे छापायलाही माझी संमती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक, इंदूर